म्हाळाचं सातवं पान

घाटकोपर (प.)
रविवार, १२ ऑगस्ट १९८४

तीर्थरूप अंबादासदादा,

सहदेवाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो, तर कमरेत उसण भरली. नलिनीने दोन दिवस विटेचा शेक दिला. तेव्हा एवढा नमस्कार तरी मानून घे.) तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं का? एकाच पायरीवर एकच पाय दोन वर्षांत दोनदा मोडणारा माणूस अख्ख्या कुडाळ तालुक्यात दुसरा नसेल. वहिनीला नमस्कार सांग, म्हशीची खुशाली कळव, आणि रत्नप्रभाकाकी जेवायला लागली का ते सगळ्यात आधी कळव. गेल्या पत्रात तू अगदी शेवटी, समासात, उभ्या ओळीत लिहिलं होतंस की कौल लावल्यापासून काकी दोन घासांवर उठते. अरे, तेच वर लिहायचं होतं ना! म्हशीवर तू अर्धा कागद खर्च केलास आणि काकीला समासात बसवलंस.

तुझ्या हुकुमाप्रमाणे मी काय काय केलं ते आता सांगतो. पण आधी हुकूम काय होता तो परत लिहून काढतो, नाहीतर उद्या म्हणशील, मी असं म्हणालोच नव्हतो. (म्हणतोस तू. पाण्याच्या पंपाच्या वेळी म्हणाला होतास.) भाद्रपदात म्हाळाच्या दिवशी आपल्या मागीलदारी पितरांना सात पानं मांडायची चाल. सहा पानांना कावळा लगेच शिवतो. सातवं पान काशीरामकाकांचं, आपल्या बाबांच्या धाकट्या भावाचं. चव्वेचाळीस साली गोदीत स्फोट झाला त्यात काका गेले, देह मिळाला नाही, म्हणून दर्भाचा पुतळा करून जाळला. त्यांच्या पानाला कावळा एकदाही शिवलेला नाही. बाबा होते तोवर ते दर्भाचाच कावळा करून पानाला टेकवायचे, 'शिवला रे' म्हणायचे आणि हात धुवायला जायचे. बाबा गेले, घर तुझ्याकडे आलं, आणि तुला दर्भाचा कावळा चालेना. मग तुझा पाय मोडला, विहिरीत जनावर निघालं, परत पाय मोडला. तू देवळात जाऊन कौल लावलास. घाड्याने देवाला विचारलं, म्हाळाच्या पानांचा हिशोब चुकता काय? कौल उजवा पडला, म्हणजे चुकतोय. त्यावर तुम्ही सगळ्या शहाण्यांनी ठरवून टाकलं की घराण्यातला कोणीतरी मेलेला माणूस आपण विसरलो, तो रागावलाय, त्याला पान द्यायला पाहिजे. आठवं पान मांडायची चाल नाही, म्हणून काकांचं पान बंद. नाहीतरी ते घेत नाहीत! आणि तो विसरलेला माणूस शोधून काढायचं काम सहदेवाचं, कारण आपली निम्मी माणसं मुंबईत येऊन मेली आणि सहदेवाला दुसरे उद्योग काय असतात?

आता काकी जेवत नाही यात नवल ते काय? एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसलं त्या बाईचं. चाळीस वर्षं तिने तुमच्या घरासाठी राबून काढली, आणि नवऱ्याचं म्हणून तिच्याकडे वर्षातून एक पान तेवढं उरलं होतं. ते पान ती दुसऱ्या कुणाला वाढू देत नाही हे तुला दिसत नव्हतं? मला तुझा रागच आला होता. पण तू मोठा, म्हणून नमस्कार वर लिहिला आणि राग इथे लिहिला.

तर मी निघालो. गिरणी बंद पडल्यापासून ज्या छत्र्यांच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथे ऐन पावसात काम नसतं. (छत्र्या उन्हाळ्यात करतात. पावसात लोक मोडकी छत्री उलटी-सुलटी करून भागवतात आणि आम्हाला शिव्या देतात.) म्हणून दुपारची सुट्टी मिळाली. वॉर्ड ऑफिसात मयताच्या खिडकीवर शकुताई नावाच्या बाई बसतात. त्या स्वेटर विणत होत्या. कोणाचा दाखला, म्हणाल्या. म्हटलं, ते माहीत नाही. बरं, कधी वारले? म्हटलं, तेही माहीत नाही. पुरुष की बाई? म्हटलं, आम्ही त्यांना विसरलोय, म्हणून तर शोधायला आलो. मग ते वारलेत हे तरी तुम्हाला कोणी सांगितलं, म्हणाल्या. म्हटलं, देवाने. शकुताईंनी सुया खाली ठेवल्या. पण दादा, कोकणातल्या बाईला कौल म्हटलं की जास्त समजवावं लागत नाही. त्यांचं माहेर देवगडचं. त्यांनी मला हाक मारून आत घेतलं आणि जिन्याखालच्या खोलीत नेऊन सोडलं, म्हणाल्या, तुमचे तुम्ही बघा, पानं फाडू नका.

त्या खोलीला खिडकी नाही. बाहेर धो धो कोसळत होतं आणि आत थेंबाचा आवाज नाही. लाल कापडात बांधलेल्या वह्या भिंतभर छतापर्यंत लावलेल्या, आणि मधे एक पिवळा दिवा. मी तीन दुपारी तिथे बसून काढल्या. पालव हे आपलं आडनाव दिसलं की बोट ठेवायचं आणि वहीत उतरवायचं. पणजोबांचे भाऊ, चुलत चुलते, ज्यांची नावं आपण गाऱ्हाण्यात घडाघडा म्हणतो आणि ज्यांना कधी माणूस म्हणून डोळ्यांपुढे आणलं नाही, ते सगळे तिथे वयासकट बसलेले होते. ताप, क्षय, ताप, गिरणीच्या पट्ट्यात सापडून, ताप. माझ्या वयाचे, एकोणचाळीस वर्षांचे, चार पालव निघाले. चौथा सापडला तेव्हा मी उगाच स्वतःची नाडी बघितली. तिसऱ्या दुपारी तर मला पक्कं वाटायला लागलं की माझ्या मानेशी उभं राहून कोणीतरी माझ्याबरोबर ओळ न् ओळ वाचतंय. श्वास लागत होता मानेला. वळून बघायचा धीर होईना. शेवटी रामाचं नाव घेऊन वळलो, तर शकुताई. लोकर संपली म्हणून आल्या होत्या. मी केवढ्याने ओरडलो हे तुला सांगत नाही, पण पाण्याचा हंडा घेऊन दोन शिपाई धावत आले.

तर निकाल असा, की एकही माणूस विसरलेला नाही. मिळालेलं प्रत्येक नाव आपल्या सहा पानांत कुठे ना कुठे बसतं, बाबांनी सगळ्यांना नीट वाटून घेतलंय. नाही ते फक्त काशीरामकाकांचं नाव. ते मी शकुताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, गोदीतल्या माणसाची नोंद उपनगरात कशी असेल? तुमच्या गावाचं मंडळ असेल ना इथे? मंडळवाले मयताची वही ठेवतात, ती बघा. दादा, हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही? पूर्वी आपल्या गावचा माणूस मुंबईत मेला की मंडळच खांदा द्यायचं, मंडळच गावी तार करायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. मंडळाची खोली केव्हाच गेली, पण चौकशी करता कळलं की वही मुलुंडला आहे, जुने चिटणीस शरच्चंद्र राऊळ यांच्याकडे.

राऊळबाबा ऐंशीच्या पुढे गेलेत. मुलुंडला पूर्वेला, जिथे वस्ती संपून मिठागरं सुरू होतात, तिथे त्यांची खोली. सध्या मिठागरं पाण्याखाली, त्यामुळे दारात उभं राहिलं की पुढे नुसतं सपाट पाणी, पलीकडचा काठ नाही, आणि बांधावर माणूस चालत असला तर पाण्यावरून चालत येतोय असं दिसतं. मी नाव सांगितलं, पालव. म्हातारा उठला आणि बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली वही घेऊन आला. काय पाहिजे, कोण पाहिजे, काही विचारलं नाही. सरळ एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. नाव, काशीराम सखाराम पालव. वय अठ्ठावीस. कारण, गोदीतील स्फोट. गावी तार केली. आणि शेवटच्या रकान्यात, खबर देणाराचं नाव, तिथे वेगळ्या शाईने लिहिलेलं: काशीराम सखाराम पालव. खाली सही. तारीख पंचेचाळीस सालच्या सर्वपित्री अमावास्येनंतर आठ दिवसांची.

मी म्हटलं, बाबा, लिहिताना चूक झाली, मेलेल्याचंच नाव दोन्हीकडे पडलं. राऊळबाबा म्हणाले, 'चूक नाय रे. मीच लिवलंय. तो येवन माझ्यासमोर बसलो आणि म्हणालो, रकानो मोकळो दिसता, माझा नाव घाल.' (दादा, हे वाचताना पायरीवर बसू नकोस.) मी कसंबसं विचारलं, बाबा, तुम्ही आम्हाला कळवलं का नाहीत? त्यावर म्हणाले, त्याने गळ्याची शपथ घातली होती. कोणी आपणहून विचारायला आलं तरच सांगायचं. चाळीस वर्षांत तुमच्या घरातलं कोणी ही वही बघायला आलंच नाही. आणि त्यांनी बांधाकडे बोट केलं. बांधाच्या टोकाला पत्र्याची एक खोपी होती.

मी गेलो रे. गेलो खरा, पण कसा ते माझं मला माहीत. बांध निसरडा, दोन्ही बाजूंना पाणी, आणि खोपीच्या दारात एक म्हातारा उकिडवा बसलेला. आपल्या घरातल्या हार घातलेल्या फोटोतला तो चेहरा, फक्त अर्धा भाजलेला आणि चाळीस वर्षं शिळा झालेला. मी आधी पाय बघितले. भुताचे पाय उलटे असतात, हे आजीने शिकवलंय. आणि दादा, उलटेच दिसले! माझी वाटच लागली. पाण्यात उडी मारणार होतो. मग लक्षात आलं की पाय सरळ आहेत, चपला उजवी-डावी केल्यात. (डाव्या अंगठ्याला कुरूप आहे, उजव्या चपलेत जागा जास्त मिळते म्हणतात.) म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. 'कोणाचो तू?' म्हटलं, तुमच्या थोरल्या भावाचा, सहदेव. त्यांनी कानाला हात लावला. मी तेच तिप्पट जोरात ओरडलो, तेव्हा पाण्यावरचे बगळे उडाले. काका सरकून बसले आणि म्हणाले, 'जेवलंस?'

आता त्यांची हकिगत, मला समजली तशी. स्फोटात काका भाजले, दोन्ही कान जवळजवळ गेले. आठ महिने बिननावाचे हॉस्पिटलात पडून होते, चालता यायला आणखी सहा महिने गेले. लिहिता येत नाही, सही तेवढी येते, पण तेव्हा हात भाजलेले, आणि कोणी नाव विचारलं तर ऐकू येत नाही, मग सांगणार कोणाला आणि काय? पाय चालू लागल्यावर मजल दरमजल करत पंचेचाळीसच्या भाद्रपदात ते गावी पोचले. भर दुपारी मागीलदारी येऊन उभे राहिले. नेमका म्हाळाचा दिवस. त्यांच्या नावाचं ते पहिलंच पान. सहा पानं मांडून झाली होती आणि सातवं हातात घेऊन काकी एकटी बाहेर आली. पांढरं कपाळ. तिने मान वर केली आणि समोर हे, अर्धं तोंड भाजलेलं, डोक्यावर फडकं. काकांच्याच शब्दांत लिहितो. 'रत्नान माका बघल्यान. मी हाक मारलंय, पण माझीच हाक माका ऐकाक येईना. भायर पडली काय घशातच रवली, देवाक ठावक. तिना पान खाली ठेवल्यान. परत आत गेली, मुठीतसून सुकट घेवन इली, वड्याखाली घातल्यान. मगे आत गेली आणि दार लावन घेतल्यान.'

तुला समजतंय का दादा काय झालं ते? आपल्याकडे पान मांडलं की मेलेल्यांना जेवू द्यायचं, बघत उभं राहायचं नाही, दार ओढून घ्यायचं. काकीला वाटलं, नवरा पान घ्यायला आलाय. म्हाळाच्या सोवळ्यात तिने त्याच्या आवडीची मासळी, ती सुकट, चोरून वाढली आणि रीतीप्रमाणे दार लावलं. आणि काकांना वाटलं, बायकोने ओळखलं, शेवटचं जेवू घातलं आणि दार लावून घेतलं. आता मेलेल्या माणसाने आणखी काय करायचं? ते खाली बसले, पान पुसून खाल्लं, आणि मागे न बघता चालू लागले, कारण पान घेतलेल्याने मागे बघायचं नसतं. मुंबईला येऊन मंडळाच्या वहीत स्वतःची खबर स्वतः दिली आणि मुलुंडच्या मिठागरावर राखणदार म्हणून राहिले. दुसरं लग्न केलं नाही. मी विचारलं. म्हणाले, मेलेल्याक कोण मुलगी देता?

इथपर्यंत ठीक आहे, रडलो, डोळे पुसले. पण पुढचं जे सांगितलं त्याने मला अजून झोप नाही. काका म्हणाले, दरवर्षी एक दिवस, भाद्रपदात, ऐन बारा-साडेबाराला माझं तोंड भरून येतं. बसल्या जागी. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, भोपळा, सगळ्याची चव येते, पोट तट्ट होतं, रात्रीपर्यंत पाणीसुद्धा जात नाही. आणि वड्याच्या तळाशी सुकट. एक वर्ष चुकलं नाही. मी म्हटलं, काका, भास होतो. मनुष्य एकटा राहिला की होतात भास. तर ते बोटांवर मोजून सांगायला लागले. अमक्या वर्षी खिरीत चुलीचा धूर लागला होता. तमक्या वर्षी आमटीत खोबरं नव्हतं. (बाबांचं आजारपण होतं ते वर्ष. तुला आठवेल.) मग म्हणाले, 'आणि छप्पन साली एक वडो कमी होतो. पाचाचे चार. खयच्या चोरान खाल्ल्यान?' दादा, तो चोर मी. छप्पन साली मी अकरा वर्षांचा होतो आणि काकांच्या पानावरचा एक वडा मी उचलून गोठ्यामागे जाऊन खाल्ला होता. हे मी आजपर्यंत आईला सांगितलं नाही, नलिनीला सांगितलं नाही, देवाला सांगितलं नाही. काकांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, बरो होतो ना?

आता सांग, कावळा शिवेल कशाला? जेवणारा जिवंत, तो मुलुंडला बसून जेवतोय, कावळ्याला तिथे काय काम? आणि पानांचा हिशोब चुकतोय हेही खरंच निघालं. एक पान कमी नव्हतंच, एक पान जास्त होतं. कमी का जास्त, एवढं देवाला विचारायला तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. (मी तिथे असतो तर विचारलं असतं. पण मला कोण विचारतं.)

काका गेल्या रविवारपासून आमच्याकडे आहेत. नलिनीने पहिल्या दिवशी त्यांना ओवाळावं की घराबाहेर ठेवून पाणी शिंपडावं, या विचारात अर्धा तास दारात उभं केलं. आमच्याही भिंतीवर त्यांचाच फोटो, त्याला चंदनाचा हार. जिवंत माणूस खाली बसलेला असताना हार ठेवायचा कसा, आणि काढायचा तरी कसा? शेवटी काकांनीच उठून तो सरळ केला, म्हणाले, वाकडो दिसता, आणि पोहे खायला बसले. आता चाळीतली माणसं मेलेला माणूस बघायला येतात, रांग लावून. काका सगळ्यांना, जेवलात, म्हणून विचारतात. ते एवढंच विचारतात, पण ऐकणारा माणूस घाबरतो आणि लवकर उठतो. दुपारी ते फोटोसमोर बसून असतात. मी एकदा विचारलं, काय बघता? म्हणाले, ह्या पोराक बघतंय, तेका अजून ठावक नाय.

ते गावी यायचं म्हणत नाहीत. मीही आग्रह केला नाही. त्यांना भीती आहे ती दुसरीच, ती खाली लिहितो, इथे मला जमत नाही. वहिनीला, मुलांना आशीर्वाद. काकीच्या पायांवर डोकं ठेवतो. तुझ्या पायावर ठेवलं असतं, पण प्लास्टर आहे.

तुझा आज्ञाधारक (तीन दुपारी जिन्याखाली बसलो, म्हणून हा शब्द लिहितोय),
सहदेव

ता. क. यंदाच्या म्हाळाला काकांचं पान बंद करायचं नाही. मी हे विनंती म्हणून लिहीत नाही. जिवंत माणसाचं पान मांडणं चूक असेल तर असो, त्याचं पाप माझ्या डोक्यावर. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं त्या एका जेवणावर काढली आहेत, आणि काकीने ते वाढण्यावर.

दुसरा ता. क. खरं कारण आता लिहितो, ज्यासाठी एवढं मोठं पत्र लिहिलं. मी इथल्या एका गुरुजींना भेटलो. ते म्हणाले, क्रियाकर्म झालेला माणूस परत आला तर त्याला नव्याने जन्माला घालावा लागतो. जातकर्म, बारसं, सगळं पुन्हा. (अडुसष्टाव्या वर्षी पाळण्यात. पाळणा कोण विणणार ते बघ.) आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावावं लागतं, त्याशिवाय त्या घरात नवरा म्हणून पाऊल टाकता येत नाही. मी हे काकांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानात ओरडून सांगितलं. बारशाला ते हसले. लग्नाचं मात्र पार संध्याकाळी म्हणाले, 'पयल्या वेळी तिका कोणी इचारल्यान नाय. बापाशीन देवन टाकल्यान. ह्या वेळी इचारूक व्हया. आणि ती नको म्हणाली तर?' दादा, हीच ती भीती. चाळीस वर्षं हा माणूस मरणाला घाबरला नाही, पण काकीच्या 'नको'ला घाबरतोय. तेव्हा तूच, बाकी कोणी जवळ नसताना, हळू आवाजात काकीला सगळं सांग आणि विचार. तिने उत्तर पत्राने द्यायचं नाही, ती मला लाजेल. म्हाळाच्या दिवशी तिने नेहमीसारखं पान वाढावं. हो असेल तर वड्याखाली सुकट. नको असेल तर सुकट घालू नये, नुसता वडा. काका इथे बसून असतील. त्यांना कळेल.

तिसरा ता. क. सोमवार, दुपारचा एक. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. आज श्रावणी सोमवार, आमच्या घरात सगळ्यांचा उपास. काकांनी सकाळपासून एक कप चहा घेतलाय. साडेबाराला त्यांनी कप खाली ठेवला, डोळे मिटले, आणि त्यांचं तोंड हलायला लागलं. मी म्हटलं, काका, काय झालं? नलिनी घाबरून पाणी आणायला गेली. मग डोळे उघडून म्हणाले, 'सुकट.' आमच्याकडे श्रावणात सुकटीचा डबा फडक्यात बांधून माळ्यावर ठेवतात. नलिनी स्वतः चढून बघून आली, गाठ तशीच आहे. म्हाळाला अजून महिना आहे. हे पत्र तुला मिळायला चार दिवस जातील, म्हणजे काकीला तू अजून काहीही सांगितलेलं नाहीस. तेव्हा दादा, पत्र मिळाल्यावर पहिलं काम म्हणजे आज सोमवारी दुपारी साडेबाराला आपल्या मागीलदारी पान कोणी मांडलं होतं, एवढं विचारून कळव. कळवलं नाहीस तरी चालेल म्हणा. काका पिशवी भरतायत, आणि नलिनीला विचारतायत की सदरा कुठला चांगला दिसेल.